देवळीतली पानफुटी

साल एकोणीसशे सत्तावन. मी बावीस वर्षांचा होतो. माय तेवीस सांगायची, शाळेच्या दाखल्यावर एकवीस लिहिलं होतं. मी मधलं धरलं आणि आजपर्यंत सोडलेलं नाही. त्या साली मी हिंगणघाटला कापसाच्या एका जिनात कामाला होतो, नवं लग्न झालं होतं, आणि जगात आपल्याला कळत नाही असं काही उरलेलं नाही, अशी माझी ठाम समजूत होती. शाळा मी तिसरीपर्यंत शिकलो. चौथीत बसलो असतो तर कदाचित थोडी शंका घ्यायला शिकलो असतो.

आज हे आठवायचं कारण गच्चीवर आहे. रंगाच्या रिकाम्या डब्यातली पानफुटी यंदा अशी फुललीय की रस्त्यानं जाणारा मान वर करून पाहतो. थंडी सरत आली की तिचे दांडे हातभर उंच जातात आणि त्यांना फुलं लागतात ती खाली तोंड करून. हिरवट, वर तांबूस झाक, आणि फुग्यासारखी पोकळ. कळी चिमटीत धरून दाबली की फट् वाजते. मी नव्वदीला टेकलो, पण सकाळी गच्चीवर कोणी नसलं तर पाच-सहा कळ्या फोडल्याशिवाय खाली येत नाही.

आमची सून शाळेत शिकवते. मागच्या आठवड्यात तिनं नागपूरहून तीन इवलीशी झाडं आणली. कुंड्या चहाच्या कपाएवढ्या. एक झाड गोट्यासारखं, एक गुलाबाच्या फुलासारखं, एकाच्या पानांवर मांजरीच्या कानासारखी लव. तिनं ती खिडकीत मांडली आणि मला बजावलं, "बाबा, यांना पाणी घालू नका हं. पंधरा दिवसांतून एकदा मीच घालते. जास्त झालं की कुजतात."

आत वच्छला, म्हणजे माझी बायको, तांदूळ निवडत होती. ती इतकी हसली की सुपातले तांदूळ सांडले.

"कोणाले सांगून राह्यली वं तू? यायले? यायनं पानफुटीले ढेप चारली व्हती!"

सून माझ्याकडे बघतच राहिली. ढेप म्हणजे सरकीची पेंड, बैलाला घालतात ती. ती झाडाला घातली, तीही पानफुटीला, हे तिला पटेना. मी म्हटलं, खरं आहे, सगळं सांगतो. बायकोच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्या हातचं लिहिलेलं बरं. ती दरवर्षी त्यात भर घालते.

हंगाम म्हटला की कोणाला पीक आठवतं, कोणाला सुगी. मला रुई आठवते, सरकी काढलेला कापूस. पौषापासून चैत्रापर्यंत जिनाच्या फाटकापुढं कापसाच्या बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, रांग लागलेली असायची. बैलांच्या गळ्यातल्या घाटरांचा आवाज, बंडीखाली चूल मांडून भाकरी थापणाऱ्या बाया, आणि आत यंत्रांचा असा गरगराट की माणसं दिवसभर हातानंच बोलायची. रुईचा भुरका हवेत तरंगायचा. भुवयांत, कानांत, मिशीत, भाकरीच्या फडक्यात, सगळीकडे रुई. सरकीचा तेलकट गोडसर वास अंगाला चिकटायचा तो आंघोळीनं जायचा नाही. संध्याकाळी घरी गेलो की माय दारातच अडवायची. "थांब रे म्हाताऱ्या, झटकून ये." बावीस वर्षांचा मी पांढऱ्या केसांनी घरी यायचो. आता केस खरेच पांढरे झालेत. झटकून जात नाहीत.

घर आमचं दोन खोल्यांचं, मातीच्या भिंतींचं. पुढच्या खोलीत पूर्वेच्या भिंतीला एक देवळी होती, हात-दीड हात उंच, आत चुना लावलेली. तिच्यात पिढ्यान्‌पिढ्या आमचे देव बसत. आदल्या दिवाळीच्या आधी आम्ही सारा मोहल्ला नागपूरहून धम्माची दीक्षा घेऊन आलो आणि आल्यावर देव वणा नदीच्या पाण्यात सोडले. मी स्वतः सोडले, माझ्या हातानं, आणि मागं वळून पाहिलं नाही. पण देवळी काही नदीत सोडता येत नव्हती. ती भिंतीत तशीच राहिली, रिकामी. माय तिच्यासमोरून जाताना चाल हळू करायची. एकदा मी विचारलं, "बुजवून टाकू का?" तर म्हणाली, "राहू दे. भिंतीले भोक पाडलं तं घर ऐकते, बुजोलं तं नाई ऐकत." याचा अर्थ मला तेव्हाही कळला नाही आणि आताही सांगता येत नाही.

माघात माझं लग्न झालं. नव्या रीतीनं झालेलं आमच्या मोहल्ल्यातलं ते दुसरंच लग्न. मुहूर्त नाही, अक्षता नाहीत, नवरी पांढऱ्या लुगड्यात. म्हाताऱ्या बायांना ते पांढरं लुगडं पाहवत नव्हतं आणि आम्हा पोरांना अभिमान आवरत नव्हता. वच्छला हिंगणीची. तिकडं जंगल जवळ, माती मुरमाड, माणसं कमी बोलणारी. तिची माय आदल्या पावसाळ्यात वारली होती. बाप नव्हताच. एक थोरला भाऊ, गणपत, आणि त्याचा संसार.

लग्नानंतर चौथ्या दिवशी तिनं तिची पत्र्याची पेटी उघडली. तीन लुगडी, एक आरसा, आणि तळाशी कोरड्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी वीतभर. मी विचारलं, "हे काय वं? दातवण आणलं का वर्षाचं?"

"पानफुटी हाय. मायची."

फडक्यातून एक जाड दांडा निघाला. वर आठ-दहा पानं, जाड, मांसल, कडेला करवतीसारखे दाते. तिची माय विहिरीच्या कठड्याजवळ ही लावायची. गावात कोणाला विळा लागला, पोराचा गुडघा फुटला, की तिच्याकडं धाव. पान तव्यावर शेकून बांधलं की घाव मिटायचा. माय गेल्यावर त्या जागी गणपतनं गोठा बांधला. खणता खणता सगळी पानफुटी गेली. हिनं एक दांडा वाचवला, तो असा पेटीत घालून आणला.

तिनं एका फुटक्या गाडग्यात नदीची वाळू आणि विटेचा चुरा भरला, दांडा त्यात उभा केला, आणि सांदवाडीत, म्हणजे मागच्या अंगणात, भिंतीच्या सावलीला ठेवला. पाणी घातलं ते चिमणीला पुरेल एवढं. मला म्हणाली, "याले हात नका लावू बाप्पा. याचं मी पाहीन."

आता मला कोणी "हात लावू नका" म्हटलं की माझा हात खाजवतो. हे तेव्हाही होतं, आजही आहे. त्यात वाळू आणि विटा पाहून मला हसू आलं. हे काय झाड लावणं झालं? आमच्या भागात उन्हाळा कसा असतो हे मी सांगायला नको. इथं पाण्यावाचून दगड तडकतो. मी मनात म्हटलं, बिचारीला माय नाही, कोणी शिकवलं नसेल. आपण करू, आणि झाड तरारलं की मग सांगू.

खरंच सांगतो, माझ्या मनात प्रेमच होतं. फक्त अक्कल नव्हती.

रोज सकाळी जिनाच्या भोंग्याच्या आधी मी गुपचूप लोटाभर पाणी घालायचो आणि संध्याकाळी आणखी एक. आठ दिवस झाले तरी झाड जसंच्या तसं. मग मला ढेप सुचली. जिनात आलेल्या बंड्यांचे बैल मी रोज पाहायचो. ज्याला ढेप मिळते त्याच्या अंगावर पंधरा दिवसांत अशी तकाकी येते की माशी घसरावी. सरकीत जोर आहे, हे हिंगणघाटच्या माणसाला कोणी शिकवावं लागत नाही. मग बैलाला चालते ती झाडाला का चालू नये? मी एक मोठा गोळा आणला, रात्रभर भिजवला, आणि सकाळी पानफुटीच्या बुडाशी चांगला दाबून बसवला. वर वाळू सारखी केली. कामावर जाताना मी शीळ वाजवत होतो.

पाचव्या दिवशी सांदवाडीतून आंबूस वास यायला लागला. सातव्या दिवशी मुंग्या. आठव्या दिवशी मी घरी आलो तर वच्छला गाडग्यापुढं बसलेली. दांडा बुडापासून काळा पडला होता. तिनं त्याला बोट लावलं तर बोट आत गेलं. भाताच्या पेजेत जावं तसं.

"कोणं टाकलं हे?" तिनं विचारलं. आवाज वर नव्हता.

माय ओट्यावर वाती वळत होती. वाती वळायचं कारण उरलं नव्हतं, पण हात वळायचे. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी छाती काढून म्हटलं, "टाकते कोण? हिंगणीचं झाड नाजूक. इथली हवा नाई मानवली त्याले."

वच्छला उठली. दांड्याच्या शेंड्याकडची चार पानं अजून घट्ट होती. ती तिनं नखानं खुडली, पदरात घेतली, आणि आत गेली. त्या दिवशी भाकरी वाढताना तिनं माझ्याकडं पाहिलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. बोलायची, पण मायला मध्ये घालून. "आत्याबाई, यायले इचारा कोड्यास पायजे का." कालवण हवं का हे, दोन हातांच्या अंतरावर बसलेल्या माणसाला!

चार पानं तिनं दोन दिवस सावलीत ठेवली, देठाची जखम सुकेपर्यंत. तिसऱ्या दिवशी मी जिनातून आलो तर दारात माझ्यापुढं उभी राहिली आणि माझ्या सदऱ्यावरून, बाह्यांवरून रुई वेचायला लागली. मला वाटलं राग गेला. राग कसला जातो, तिला रुई हवी होती. ओंजळभर रुई तिनं देवळीत पसरली आणि तिच्यावर चार पानं आडवी मांडली. माती नाही, पाण्याचा थेंब नाही.

डोमाजी माझ्या बाजूच्या यंत्रावर होता आणि घरही आमच्या भिंतीला भिंत लागून. दिवसभर टोमणे मारून त्याचं पोट भरत नसे म्हणून संध्याकाळी तो आमच्या ओट्यावर यायचा. त्यानं आत डोकावून पाहिलं.

"काय वं वहिनी, देव गेले अन् पानं आले का देवळीत? कोणाची पूजा हाय ही?"

"पूजा नाई भाऊजी. रोपं करून राह्यली."

तीन दिवसांत तिनं माझ्या देखत इतकं कोणाशी बोललेलं नव्हतं. मला ते झोंबलं. मी म्हटलं, "मातीबिना, पाण्याबिना रोपं! मंग उद्यापासून मीबी भाकरीबिना जिनात जातो."

"जाजो," डोमाजी म्हणाला. "पण दुपारी माह्या फडक्याकडं पाहाजो नको."

वच्छला पहिल्यांदा सरळ माझ्याकडं वळली. "उगोलं तं?"

"उगोलं तं तू म्हणशीन थे करीन."

"पाणी भरा मंग. विहिरीवरून. सकाळच्या पारी, साऱ्या बायांच्या देखत, डोक्शावर घागर घेऊन. एक दिवस नाई. पुरा उन्हाळा."

डोमाजीनं मांडीवर थाप मारली. "वा वहिनी! अन् नाई उगोलं तं?"

ती पानांकडं पाहत होती. "नाई उगोलं तं पाहू," एवढंच म्हणाली.

आजच्या पोरांना यात काय मोठं असं वाटेल. आता माझा मुलगाच नळाखाली बादल्या लावतो. पण तेव्हा आमच्या मोहल्ल्याच्या विहिरीवर पुरुष आंघोळीला जायचा, बैलाला पाणी पाजायला जायचा; चुंबळ ठेवून डोक्यावर घागर घेणारा पुरुष कोणी पाहिला नव्हता. आणि मी तर असा की गाडीतळावर पडलेला माझा रुमाल दुसऱ्यानं उचलून दिला तर घ्यायचो नाही. डोमाजीनं दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत अर्ध्या जिनाला सांगितलं होतं. यंत्रांच्या गरगराटात कोणी काही बोलू शकत नव्हतं, पण समोरून जाणारा प्रत्येक जण डोक्यावर दोन्ही हात धरून कंबर हलवून जायचा.

दहा दिवस देवळीत काही झालं नाही. पानं फक्त थोडी मळकट हिरवी झाली.

मग एका संध्याकाळी मायनं घात केला. दिवेलागणीला तिचा हात आपोआप दिव्याकडं गेला. चाळीस वर्षांची सवय. तिनं वात लावून पणती देवळीत ठेवली आणि हात जोडायला गेली, तेव्हा तिला आठवलं की आत देव नाहीत. तोवर रुईनं एका बाजूनं पेट घेतला होता. वच्छलानं पदरानं दाबून विझवलं. दोन पानं करपली. माय बसकण मारून म्हणाली, "हात गेला वं माय, मी नाई गेली." वच्छला तिला रागावली नाही. करपलेली पानं काढली, माझ्या सदऱ्याची नवी रुई घातली, आणि त्या दिवसापासून पणती ओट्यावर ठेवायची असं सासू-सुनेचं ठरलं. तिसरं पान उंदरानं नेलं. राहिलं एक.

त्या एकाच पानावर मग सगळं आलं. तिची माय, मायची विहीर, हिंगणीचं अंगण, सगळं त्या चार बोटांच्या पानात. आणि माझी गंमत अशी की मीही आता रोज पहाटे ते पाहायला लागलो. पैज माझी, मला ते वाळायला हवं होतं. पण पाहायला गेलो की छातीत धाकधूक व्हायची ती ते वाळलं असेल का याची. एकदा न राहवून चुळकाभर पाणी हातात घेऊन देवळीपुढं उभा राहिलो. एकच थेंब टाकावा, कोणाला कळतं? बोटांमधून पाणी गळत राहिलं, पायावर पडलं, आणि मी हात मागं घेतला. कापसाच्या दीड मणाच्या गाठी मी पाठीवर वाहिल्यात, पण माझ्या जन्मातलं सगळ्यात जड काम ते. काहीही न करणं.

आता गच्चीवर जाऊन पाहतो तर या पानफुटीला कशाचीच पर्वा नाही. पान गळून पत्र्यावर पडतं, तिथंच कोंब धरतं. डब्याच्या कडेला, पाइपच्या खोबणीत, सुनेनं वाळत घातलेल्या कुरडयांच्या फडक्याखाली एकदा सापडली. आणि प्रत्येक पानाला कोंब फुटतो तो देठातून नाही, मधून नाही, कडेवरून. जिथं पान संपतं, तिथून. मला हे अजून नवल वाटतं. सुनेला शास्त्र माहीत आहे, ती समजावून सांगते, मी मान हलवतो आणि नवल तसंच ठेवतो.

तर त्या पहाटे, साधारण विसाव्या दिवशी, मला तो दिसला. पानाच्या कडेच्या दोन दात्यांमधल्या खाचेत, तिळाएवढा, गुलाबी. आधी वाटलं रुईचा कण चिकटलाय. वाकून पाहिलं. त्याच्या शेजारच्या खाचेत दुसरा. खाली रुईत एक पांढरा धागा, तो रुईचा की मुळाचा हे डोळ्यांना कळेना. बोटानं हळूच रुई सारली. धागा पानाला धरून होता.

घरात कोणी उठलं नव्हतं. माझं नख त्या कोंबापासून कणभर दूर होतं. एवढंसं दाबलं असतं की झालं, पैज माझी. उंदरानं पान नेलं तिथं कोंब खाल्ला म्हणून कोणी शंकाही घेतली नसती. मी खोटं सांगणार नाही, तो विचार आला. आणि असा आला की मी नख तोंडात घालून कुरतडून टाकलं. मग भोंगा झाला आणि मी पळालो.

नख कुरतडलं, पण तोंड उघडलं नाही. एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. वच्छला देवळीकडं पाहतही नव्हती, निदान मला तसं वाटत होतं. मी रोज ठरवायचो, आज सांगू. आणि रोज विहिरीवरच्या बाया डोळ्यांपुढं यायच्या.

तेवढ्यात हिंगणीहून निरोप आला: चैत्र लागला, गणपत बहिणीला न्यायला येतोय, उद्या सकाळच्या गाडीनं. त्या संध्याकाळी मी जिनातून आलो तेव्हा माय दाराबाहेर उभी होती. मला रुई झटकायलाही सांगितलं नाही.

"सारे लुगडे भरले तिनं," ती म्हणाली.

आमच्यात माहेरी जाणारी सून एक लुगडं सासरच्या वळणीवर ठेवून जाते. कोणी सांगत नाही, कोणी विचारत नाही. वळणीवर लुगडं असलं की ती येणार. मी आत पाहिलं. वळणी रिकामी होती. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नुसती दोरी. तेव्हा मला त्या "पाहू"चा अर्थ कळला.

मी देवळीतून पान उचललं, रुईसकट, दोन्ही तळहातांवर. वच्छला चुलीपुढं होती, तव्यावर भाकर.

"वच्छले, हे पाह्य."

"भाकर जळन."

"जळू दे. पाह्य तं."

तिनं पाहिलं. चुलीचा जाळ तिच्या तोंडावर लाल पडला होता, त्यात काही कळेना.

"ढेप मीच टाकली व्हती," मी म्हटलं. "पाणीबी मीच. हिंगणीच्या झाडाचा काई दोष नाई. चूक माही."

"ठाऊक हाय मले. ढेपीचा वास काय लपते?" तिनं भाकर उलटली. "अन् कोंबबी ठाऊक हाय. मंगळवारपासून."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी कवा बोलता, थे पाहून राह्यली व्हती."

"अन् मी नसतो बोललो तं?"

तव्याखालून धूर यायला लागला. बाहेरून माय ओरडली, "भाकर जळली वं, पोरायनो!" आणि वच्छलाला हसू फुटलं. आधी नाकातून, मग खांद्यांतून, मग सगळं. मी पान हातांवर धरून तसाच उभा, ठेवता येईना आणि हसता येईना. ती जळकी भाकर मीच खाल्ली. तिच्याइतकी चवदार भाकर नंतर झाली नाही, असं लिहिलं तर वच्छला म्हणेल मग रोज जाळत जाऊ का. म्हणून लिहीत नाही.

त्या एका पानाला नऊ कोंब आले. पावसाळ्यापर्यंत नऊ गाडगी झाली, वाळूची आणि विटेच्या चुऱ्याची. एक डोमाजीनं मागून नेलं. त्याच्या घरी माणसं पाहायला आली, त्यांनी पानं नेली. आमच्या मोहल्ल्यात तेव्हा सगळ्याच घरांत देवळ्या रिकाम्या होत्या आणि सगळ्याच म्हाताऱ्या त्यांच्यापुढून जाताना चाल हळू करायच्या. त्या दिवाळीपर्यंत घराघरांतल्या देवळीत रुईवर एकेक पान आडवं पडलेलं होतं. पुढं तसबिरी आल्या, मूर्ती आल्या, घरं पक्की झाली, देवळ्याच गेल्या. पण ते एक वर्ष कोणत्याही घरात जा, म्हातारी हात धरून आत न्यायची आणि सांगायची, "पाह्य रे, आमच्याले पाच आले."

पुढं कधीतरी यंत्रात माझं बोट सापडलं, उजव्या हाताचं मधलं. वच्छलानं पान शेकून बांधलं, बारा दिवस, रोज नवं. बोट वाकडं राहिलं, पण राहिलं. आत्ता याच बोटाच्या आधारानं पेन धरून लिहितोय, म्हणून अक्षर असं आहे. आणि ती बाजूला बसून विचारतेय, कुठपर्यंत आलं? विहिरीचं लिहिलं का? तिला वाचता येत नाही, पण सून संध्याकाळी वाचून दाखवणार आहे, तेव्हा विहीर गाळून चालणार नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठलो, धोतर खोचलं, आणि कोपऱ्यात ठेवलेली तांब्याची घागर उचलली. वच्छला जागी होती. तिनं जुन्या लुगड्याच्या चिंधीची चुंबळ वळून माझ्या हातात दिली. विहिरीवर सात-आठ बाया होत्या. पोहऱ्याचा आवाज थांबला. कोणीतरी म्हणालं, "अवं बाई, पाहा वं, सूर्य कुठून निंगाला!" डोमाजी दातवण तोंडात तसंच ठेवून ओट्यावर उभा राहिला. मी कोणाकडं पाहिलं नाही. पाणी शेंदलं, घागर भरली, चुंबळ ठेवली, आणि उचलली ती थेट डोक्यावर. निम्मं पाणी पाठीवर आलं. बाया इतक्या हसल्या की एकीचा पोहरा दोरासकट विहिरीत गेला. मी म्हटलं, "हासा. उद्याबी येतो."

वाटेत समोरून गणपत आला, स्टेशनवरून चालत, काखेत छत्री, हातात पिशवी. भाटव्याला, म्हणजे बहिणीच्या नवऱ्याला, असं पाहून जागीच थांबला.

"भाटवे? हे काय? बिमार हाय का वच्छी?"

"नाई," मी म्हटलं, "बरी हाय. चाल मांग मांग. पाय पाहून टाकजो, वल्लं झालं सारं."

घरात शिरलो. वळणीवर हिरवं लुगडं होतं, एकच, नीट चौघडी घातलेलं. घागर रांजणात रिकामी केली. मग देवळीपुढं गेलो. डोक्यावरून, कोपरांवरून पाणी गळत होतं. मी दोन पावलं मागं सरकलो, हात धोतराला पुसले, आतून पुसले, बाहेरून पुसले, मनगटापर्यंत कोरडे केले, आणि मग हात पाठीमागं बांधून ते पान पाहत उभा राहिलो.